पानाच्या पोटातली बुरशी: कडुनिंब-गुळवेलीच्या तुकड्यापासून एमआयसीपर्यंत

निरोगी झाडाच्या पानात, देठात, सालीत आणि मुळात बुरशी राहते. झाडावर डाग पडत नाही, फांदी वाळत नाही, तरी ती आत असतेच. मराठीत तिला अंतर्वासी बुरशी म्हणता येईल. प्रयोगशाळेत सगळे एंडोफाइटच म्हणतात. दाटीवाटीच्या जागेत इतर सूक्ष्मजीवांना दूर ठेवायचे असल्याने यातल्या काही बुरशी जंतुरोधक पदार्थ तयार करतात. कडुनिंबातून मिळालेल्या क्लोरिडियम नावाच्या बुरशीतून २००९ मध्ये जावानिसिन हे रंगीत संयुग मिळाले आणि ते स्यूडोमोनासवर चालते असे दिसले. त्याआधी १९९३ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या बुरशीत टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध सापडल्याची बातमी जगभर गाजली. मात्र तिथे लिटरमागे हाती लागलेला पदार्थ काही नॅनोग्रॅम इतकाच होता आणि पुढे त्या दाव्यावरही शंका घेतल्या गेल्या. हे दुसरे उदाहरण या विषयात उतरणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

झाडातून अशी बुरशी वेगळी करून तिच्या अर्काची एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा, काढण्याची खालची पद्धत खानदेशातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागात एका सत्रात पार पडेल अशी आहे. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारे भांडे), लॅमिनार (निर्जंतुक हवेचे कपाट), बीओडी इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी), फ्रीज आणि सेपरेटिंग फनेल (न मिसळणारे द्रव वेगळे करायचे तोटीचे नरसाळे) एवढे हवेच. रोटरी इव्हॅपोरेटर (द्रावक आटवणारे यंत्र) असेल तर उत्तम.

झाड निवडताना

कडुनिंब, गुळवेल, अडुळसा, निर्गुंडी, अर्जुनसादडा, बेल, सालई, बिब्बा यांतले काहीही चालते. एका प्रकल्पात दोन झाडे पुरेत. आठ झाडे घेतली की शंभरावर आयसोलेट (वेगळ्या काढलेल्या बुरशी) होतात आणि एकाचेही काम धड होत नाही.

नमुना कुठून घेता याला झाडाच्या नावाइतकेच महत्त्व आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेशेजारचा कडुनिंब, किंवा कपाशीच्या बांधावरची गुळवेल सोयीची वाटते, पण तिथे बुरशीनाशकाची फवारणी होते. कार्बेन्डाझिमसारखे आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत शिरते आणि बाहेरून कितीही धुतले तरी आतच राहते. अशा पानातून तीस दिवस काहीच उगवले नाही तर दोष तुमच्या हाताचा नसून फवाऱ्याचा असू शकतो. म्हणून शेतापासून दूरचे झाड निवडा: माळावरचे, टेकडीवरचे, देवळाच्या आवारातले जुने. सातपुड्यात पाल, तोरणमाळ, अक्राणीकडे किंवा चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाणार असाल तर अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक फांदीही तोडू नका. स्थानिक पावरा किंवा भिल्ल वैदूने झाड दाखवले असेल तर ते नोंदवहीत लिहा. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. संशोधनातून पेटंटचा विचार निघाला तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा टप्पा चुकत नाही, आणि त्या वेळी ही नोंद कामाला येते.

हंगाम: पावसाळा सरता सरता, भाद्रपद ते कार्तिक. बहुतेक झाडांत ही बुरशी बियाण्यातून येत नाही. पावसाच्या थेंबांबरोबर आणि दमट हवेतून बीजाणू पानावर पडतात आणि आत शिरतात. त्यामुळे फाल्गुन-चैत्रातली कडुनिंबाची तांबूस कोवळी पालवी जवळजवळ रिकामी निघते, तर पावसाळा खाल्लेले जून पान भरलेले असते. मेमध्ये ४४ अंशांत गोळा केलेल्या नमुन्यांवरून ‘या झाडात एंडोफाइट कमी आहेत’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे उन्हाळ्यात गिरणेचे पात्र पाहून नदीला पाणी नसते म्हणण्यासारखे आहे.

एका जातीची किमान पाच झाडे घ्या. प्रत्येकाची पाने, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या आणि जमले तर साल घ्या. डाग, किडे किंवा पांढरी भुकटी असलेले पान नको. नमुने कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घाम येऊन वरची बुरशी माजते. पिशव्या बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांत, फार तर ४८ तासांत काम सुरू करा. फुलाफळासह एक फांदी दाबून वाळवा आणि ओळख पक्की करून घ्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे.

बाहेरचे मारायचे, आतले वाचवायचे

सगळ्या कामाचा कणा हाच आहे आणि बहुतेक चुका इथेच होतात. पानाच्या पृष्ठभागावर धूळ असते, तिच्यात एस्परजिलस आणि रायझोपसचे बीजाणू असतात. ते उरले तर तुम्ही मोठ्या हौसेने धुळीतली बुरशी वाढवत बसता.

आधी नळाच्या वाहत्या पाण्यात १० मिनिटे धुवा. लव असलेल्या किंवा मेणचट पानांसाठी पाण्यात ट्वीन-२० (साबणासारखे काम करणारे द्रव) चे दोन थेंब घाला, नाहीतर ब्लीच पानावरून ओघळून जाते. मग लॅमिनारमध्ये २ ते ३ सेंमीचे तुकडे करा. थेट अर्ध्या सेंमीचे करू नका: कापलेल्या टोकातून ब्लीच आत शिरते आणि छोट्या तुकड्यातली बुरशी आतूनच मरते.

आता क्रमाने: ७० टक्के इथेनॉलमध्ये १ मिनिट, २ टक्के उपलब्ध क्लोरीनच्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये पानांसाठी २ ते ३ मिनिटे, काडीसाठी ३ ते ५, पुन्हा इथेनॉलमध्ये ३० सेकंद, शेवटी निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्यात तीन धुण्या, प्रत्येकी १ मिनिट. शेवटच्या धुणीचे पाणी फेकू नका. तुकडे निर्जंतुक टिपकागदावर सुकवा, दोन्ही टोकांचे १ ते २ मिमी कापून टाका आणि मग अर्ध्या सेंमीचे तुकडे पाडा.

रेक्टिफाइड स्पिरिट ९५ टक्के धरले तर त्याचे ७४ मिली घेऊन पाण्याने १०० मिली करा, म्हणजे ७० टक्के झाले. ब्लीच ४ टक्क्यांचे असेल तर निम्मे ब्लीच, निम्मे पाणी. पण बाटलीवर ४ लिहिले म्हणजे आत ४ आहे असे नाही. हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने उतरते आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलेली बाटली कुचकामी होते. बाटली उघडल्याची तारीख लिहा, गडद रंगाची बाटली फ्रीजमध्ये ठेवा, दर सत्राला नवी आणा. ब्लीच आणि ॲसिड, किंवा ब्लीच आणि स्पिरिट, एकाच टाकाऊ बाटलीत ओतू नका. विषारी वायू होतो.

वेळ ठरवायला चाचणी घ्या. त्याच झाडाचे तुकडे १, २, ३ आणि ५ मिनिटे ब्लीचमध्ये ठेवा. प्रत्येक गटातला एक तुकडा पीडीएच्या (पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार या बुरशी वाढवायच्या माध्यमाच्या) प्लेटवर मिनिटभर दाबून उचलून घ्या. ही ठशाची प्लेट. शेवटच्या धुणीचे १०० मायक्रोलिटर पाणी दुसऱ्या प्लेटवर पसरवा. दोन्ही प्लेट्स तुकड्यांच्या प्लेटबरोबरच तितकेच दिवस ठेवा. ज्या कमीत कमी वेळेला दोन्ही कोऱ्या राहतात, ती तुमची वेळ. ठशाच्या प्लेटवर काही उगवले तर तो सगळा नमुना बाद, मग तुकड्यातून कितीही सुंदर बुरशी आलेली असो. या कोऱ्या प्लेटचा फोटो प्रबंधात हवाच. ज्या प्रबंधात तो नाही, त्यातल्या ‘एंडोफाइट’ या शब्दावर विश्वास ठेवायला आधार नाही.

प्लेटवर काय येते

माध्यम म्हणून पोटॅटो डेक्स्ट्रोज अगार. तयार पावडर लिटरला ३९ ग्रॅम. घरचे करायचे तर २०० ग्रॅम सोललेले बटाटे २० ते ३० मिनिटे उकळून मलमलच्या फडक्यातून गाळा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ग्रॅम अगार घाला, १ लिटर करा आणि १२१ अंशांवर १५ पौंड दाबाने १५ ते २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा. ऑटोक्लेव्ह बिघडला तर घरचा प्रेशर कुकरही साधारण तेवढाच दाब देतो. जिवाणू रोखायला लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घाला; हे उष्णतेत टिकते, आधीच घालता येते. स्ट्रेप्टोमायसिन वापरणार असाल तर माध्यम ४५-५० अंशांपर्यंत निवल्यावरच घाला.

इथे एक ठळक सूचना. प्रतिजैविक फक्त पहिल्या वेगळे करण्याच्या प्लेटमध्ये. पुढच्या सगळ्या प्लेट्स आणि फ्लास्क साधे. क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्लेटमधून कापलेली चकती जिवाणूंवर ठेवली की झोन (चकतीभोवतीचे जिवाणू न वाढलेले वर्तुळ) येणारच, आणि तो तुमच्या बुरशीचा नसून बाटलीतल्या औषधाचा असतो. असे ‘शोध’ सापडतात.

९० मिमीच्या प्लेटमध्ये पाच ते सहा तुकडे, मधे अंतर सोडून. पानाचा कापलेला कडा माध्यमाला टेकलेला हवा. पॅराफिल्म लावा आणि २५ ते २८ अंशांवर ३० दिवस ठेवा. बाकावर ठेवून चालणार नाही. मार्चनंतर खोलीचे तापमान ३५ च्या वर जाते आणि निम्म्या बुरशी वाढायचे सोडतात. लाइट गेली तर बीओडीचे दार उघडू नका, आतला गारवा काही तास टिकतो. तळाशी पाण्याचा ट्रे ठेवा, नाहीतर महिनाभरात अगार पापडासारखा होतो. पॅराफिल्म आणखी एका कारणासाठी हवी: माइट नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळी एका प्लेटवरून दुसरीवर चालत जातात आणि अंगावर बीजाणू वाहतात. प्लेटवर नागमोडी रांगेत वसाहती उगवल्या तर माइट शिरले समजा. ती सगळी चवड ऑटोक्लेव्हमध्ये टाका.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज पाहा. दोन दिवसांत कापसासारखी भरून येणारी प्लेट बहुधा बाहेरची बुरशी दाखवते. पाच-सात दिवसांत नायग्रोस्पोरा, कर्व्हुलारिया, कोलेटोट्रिकम, पेस्टालोशिओप्सिस दिसू लागतात. खरी गंमत दहाव्या दिवसानंतर, तुकड्याच्या कडेला हळूच येणाऱ्या छोट्या, गडद वसाहतींत असते. वेगवान बुरशीने त्यांना झाकण्याआधी धाग्याचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कापा आणि नव्या प्लेटवर न्या. बीजाणूंची भुकटी उचलू नका. शुद्ध झाली असे म्हणायला दोन-तीन वेळा सबकल्चर लागते.

नोंद अशी: लावलेल्या १०० तुकड्यांपैकी ६२ मधून बुरशी आली तर वसाहतीकरण ६२ टक्के. एकाच तुकड्यातून दोन बुरशी आल्या तर तुकडा एकच मोजायचा, आयसोलेट दोन. सांकेतिक क्रमांकात झाड, भाग, तुकडा आणि तारीख हवी. ‘हिरवी-२’ सारखी नावे चौथ्या आठवड्यात कुणालाच कळत नाहीत.

लगेच जपून ठेवा

हे शेवटी करायचे काम नव्हे. पुन्हा पुन्हा सबकल्चर केल्याने बुरशी पदार्थ बनवणे हळूहळू सोडते. तिसऱ्या प्लेटवर १८ मिमीचा झोन देणारा आयसोलेट दहाव्या प्लेटवर गप्प बसला, अशी तक्रार या क्षेत्रात नेहमीची आहे. शुद्ध होताच त्याच आठवड्यात साठा करा. उणे ८० चा फ्रीजर असेल तर २० टक्के ग्लिसरॉलमध्ये. नसेल तर कॅस्टेलानीची जुनी पद्धत: स्क्रू-झाकणाच्या छोट्या बाटलीत ५ मिली निर्जंतुक पाणी, त्यात वसाहतीच्या कडेच्या ६ मिमीच्या पाच-सहा चकत्या, झाकण घट्ट, बाटली थंड जागी. विजेवर अवलंबून नसल्याने आपल्याकडे ही फार उपयोगी. शेवटी निवडलेला आयसोलेट पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करता येतो.

ओळखीबद्दल थोडक्यात. लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लूमध्ये स्लाइड करून बीजाणू पाहा. बीजाणूच येत नसतील तर साध्या पाणी-अगारवर ऑटोक्लेव्ह केलेली त्याच झाडाची काडी ठेवून बुरशी तिच्यावर वाढवा. काही वेळा जमते. डीएनएसाठी आयटीएस-१ आणि आयटीएस-४ या प्रायमरनी (हवा तो भाग पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) ५०० ते ७०० बेस जोड्यांचा भाग वाढवून क्रम काढतात. एस्परजिलस, फ्युजॅरियम, कोलेटोट्रिकम यांत मात्र आयटीएस जातीपर्यंत पोहोचवत नाही. ९९ टक्के जुळले म्हणून जातीचे नाव ठोकून देऊ नका. प्रजातीवर (जीनसवर) थांबा किंवा दुसरा जनुक घ्या.

पहिली चाळणी

सगळ्या आयसोलेटचा अर्क काढत बसू नका. १० ते १४ दिवसांच्या प्लेटमधून ६ मिमीची चकती कापा आणि जिवाणू पसरलेल्या म्यूलर हिंटन अगारवर, बुरशीची बाजू खाली करून, ठेवा. प्लेट ४ अंशांवर ३ तास ठेवा म्हणजे पदार्थ पाझरतो आणि जिवाणू थांबून राहतात. मग ३५ ते ३७ अंशांवर १८ ते २४ तास. सोबत कोऱ्या पीडीएची चकती हवीच. तीस आयसोलेट एका आठवड्यात होतात आणि त्यातले चार-पाच पुढे जातात.

इथला सर्वात मोठा फसवा पाहुणा आम्ल आहे. एस्परजिलस नायगर सिट्रिक आणि ऑक्झॅलिक आम्ल सोडते आणि त्यानेच झोन येतो. चकतीखालच्या माध्यमाला सामूचा कागद लावून पाहा. सामू ४ च्या खाली असेल तर द्रवमाध्यमाचा गाळलेला द्रव उदासीन करून चाचणी पुन्हा करा. झोन गेला तर आयसोलेटही गेला.

वाढवणे आणि अर्क

५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये २०० मिली पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथ (अगार नसलेले द्रवमाध्यम), लिटरला २४ ग्रॅम या प्रमाणात. प्रत्येकात ६ मिमीच्या पाच चकत्या, २६ अंशांवर १४ ते २१ दिवस. शेकर नसेल तर बिघडत नाही. पुष्कळ बुरशी न हलवता, वर साय धरूनच जास्त पदार्थ करतात. दुसरा आणि अनेकदा सरस मार्ग भात: १ लिटरच्या फ्लास्कमध्ये १०० ग्रॅम तांदूळ, १०० ते १२० मिली पाणी, रात्रभर भिजवून ऑटोक्लेव्ह. पाणी जास्त झाले की गोळा होतो आणि हवा खेळत नाही. तीन-चार आठवडे ठेवा. एकच आयसोलेट ब्रॉथमध्ये गप्प आणि भातावर बोलका निघतो, म्हणून दोन्ही करून पाहणे फायद्याचे.

बुरशी न टाकलेला एक फ्लास्क त्याच दिवशी, त्याच तापमानाला, तितकेच दिवस ठेवा आणि त्याचाही अर्क तस्साच काढा. त्यातही झोन आला तर पुढे सरकायचे नाही.

ब्रॉथ मलमलमधून, मग व्हॉटमन क्रमांक १ मधून गाळा. गाळलेल्या द्रवात तेवढेच एथिल ॲसिटेट घालून सेपरेटिंग फनेलमध्ये हलवा, मधूनमधून तोटी उघडून दाब सोडा. एथिल ॲसिटेट पाण्यापेक्षा हलके, वरचा थर तुमचा. असे तीनदा. मधे फेसाळ साय अडकली तर मूठभर मीठ घाला, थर फुटतात. वरचे थर एकत्र करून निर्जल सोडियम सल्फेटवर अर्धा तास ठेवा, गाळा आणि ४० अंशांवर रोटरीत आटवा. भाताच्या फ्लास्कमध्ये एथिल ॲसिटेट थेट ओतून, गोळे फोडून रात्रभर ठेवा. हे द्रव सहज पेट घेते: जवळ बर्नर नको, बंद खोलीत उघड्या ताटलीत आटवणे तर नकोच. एका लिटर ब्रॉथमागे काही दहा ते काहीशे मिलिग्रॅम अर्क मिळतो.

दोन गोष्टींवर डोळा ठेवा. पहिली, प्लॅस्टिक. एथिल ॲसिटेट प्लॅस्टिकच्या नळीतून, झाकणातून थॅलेट (प्लॅस्टिक मऊ ठेवणारे रसायन) ओढून घेते. मग जीसी-एमएसमध्ये (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) थॅलेटचे शिखर येते आणि ते ‘बुरशीचे संयुग’ म्हणून छापलेही जाते. सगळे काच वापरा. दुसरी, चरबी. लिनोलेइकसारखी मेदाम्ले स्टॅफिलोकोकसवर चालतात आणि कच्च्या अर्कात ती असतातच, भाताच्या अर्कात तर जास्तच. अर्क ९० टक्के मिथेनॉलमध्ये विरघळवून हेक्झेनने दोनदा धुवा. चरबी हेक्झेनमध्ये जाते. परिणाम हेक्झेनबरोबर निघून गेला तर फार आनंद मानू नये.

झोन किती खरा

जिवाणू प्रमाणित घ्या: स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी (अमेरिकेतला प्रमाणित जंतुसंग्रह) २५९२३, ई. कोलाय एटीसीसी २५९२२, स्यूडोमोनास एरुजिनोसा एटीसीसी २७८५३. रुग्णालयातले प्रतिरोधक नमुने महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत आणू नका. जिवाणू मिसळलेल्या घोळाची घनता ०.५ मॅकफरलँड, म्हणजे मिलीमागे सुमारे १५ कोटी जिवाणू. प्रमाण नळी घरी करता येते: १ टक्के सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिली आणि १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिली. ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३ वाचन यायला हवे. घोळ १५ मिनिटांत वापरा, स्वॅब तीन दिशांनी फिरवा. अगारची जाडी ४ मिमी, म्हणजे ९० मिमीच्या प्लेटला सुमारे २५ मिली. पातळ प्लेटमध्ये झोन फुगतो.

६ मिमीची वेल (अगारमध्ये कापलेला खळगा), त्यात डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला १० मिग्रॅ/मिली अर्क ५० मायक्रोलिटर. याचा अर्थ वेलमध्ये ५०० मायक्रोग्रॅम माल पडला. शेजारच्या जेंटामायसिनच्या डिस्कमध्ये १० मायक्रोग्रॅम असते. तेव्हा ‘अर्काचा झोन जेंटामायसिनइतका’ हे वाक्य लिहिण्याआधी पन्नासपटीचा फरक आठवा. जेंटामायसिनचा ई. कोलाय २५९२२ वरचा झोन १९ ते २६ मिमीत बसत नसेल तर त्या दिवसाच्या सगळ्या प्लेट्स बाद. फक्त डीएमएसओची एक वेल आणि कोऱ्या माध्यमाच्या अर्काची एक वेल प्रत्येक प्लेटवर हवी.

झोनच्या आकारावरून ताकद ठरत नाही. तेलकट पदार्थ अगारमध्ये पसरत नाहीत. जोरदार असूनही ८ मिमीचा झोन देतात. म्हणून एमआयसी.

एमआयसी, ९६ वेलच्या प्लेटमध्ये

अर्काचा साठा डीएमएसओमध्ये ५१.२ मिग्रॅ/मिली करा. त्यातले २० मायक्रोलिटर ९८० मायक्रोलिटर म्यूलर हिंटन ब्रॉथमध्ये घाला (ब्रॉथ कॅल्शियम-मॅग्नेशियम समायोजित हवा). झाले १०२४ मायक्रोग्रॅम/मिली, डीएमएसओ २ टक्के. ढवळताना गढूळ झाले तर अर्क खाली बसतोय. साठा निम्मा करा.

वेल २ ते १० मध्ये १०० मायक्रोलिटर ब्रॉथ. वेल १ मध्ये २०० मायक्रोलिटर अर्काचे द्रावण. १ मधून १०० उचलून २ मध्ये, मिसळून २ मधून ३ मध्ये, असे १० पर्यंत. दहाव्यातले १०० फेकून द्या. प्रत्येक वेळी टिप बदला, नाहीतर वरचा अर्क खाली ओढला जातो आणि एमआयसी खोटी कमी येते. वेल ११ मध्ये २ टक्के डीएमएसओचा ब्रॉथ १००, ही वाढीची खूण. वेल १२ मध्ये नुसता ब्रॉथ २००, ही कोरी. ०.५ मॅकफरलँडचा घोळ ब्रॉथमध्ये १५० पट पातळ करा आणि वेल १ ते ११ मध्ये १०० मायक्रोलिटर घाला. आता वेल १ मध्ये ५१२, वेल १० मध्ये १ मायक्रोग्रॅम/मिली, आणि जिवाणू मिलीमागे ५ लाख. डीएमएसओ कुठेही १ टक्क्याच्या वर नाही.

३५ अंशांवर १६ ते २० तास. बुरशीचे अर्क तपकिरी असल्याने गढूळपणा डोळ्यांनी कळत नाही. ०.०१५ टक्के रेझाझुरिन वेलमागे ३० मायक्रोलिटर घालून एक-दोन तास थांबा: निळे राहिले तर वाढ नाही, गुलाबी झाले तर जिवाणू जिवंत. एक खोच इथेही आहे. काही अर्क स्वतःच रेझाझुरिनला गुलाबी करतात. अर्क आहे पण जिवाणू नाहीत अशी एक ओळ लावली नसेल तर हे कळायला मार्ग नाही. तीन ओळी एका दिवशी आणि तेच दुसऱ्या दिवशी नव्या घोळाने. एका पायरीचा फरक मान्य, दोन पायऱ्यांचा आला तर पिपेट तपासा.

रेझाझुरिन घालण्याआधीच प्रत्येक वेलमधून १० मायक्रोलिटर साध्या अगारवर टाका आणि नंतर निळ्या राहिलेल्या वेलच्या वसाहती मोजा. सुरुवातीला त्यात सुमारे ५००० जिवाणू होते. पाच किंवा कमी वसाहती आल्या तर ९९.९ टक्के मेले. ही मारक मात्रा एमआयसीच्या चौपटीत असेल तर अर्क जंतुनाशक, नाहीतर फक्त वाढ रोखणारा.

कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम/मिलीच्या खाली आली तर पुढे जाण्यात अर्थ आहे. ५१२ आली तर प्रबंध लिहा आणि आयसोलेट जपून ठेवा.

कुठला पदार्थ?

अर्काचे ५० ते १०० मायक्रोग्रॅम सिलिका जेल ६० एफ-२५४ च्या टीएलसी पट्टीवर (पदार्थ ठिपक्यांत वेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) लावा, हेक्झेन आणि एथिल ॲसिटेट १:१ मध्ये चालवा, २५४ आणि ३६६ नॅनोमीटरला ठिपके पेन्सिलीने खुणावा. पट्टी पूर्ण सुकू द्या. द्रावक उरला तर तोच जिवाणू मारतो. मग ४५ अंशांवरच्या ०.७ टक्के मऊ अगारमध्ये जिवाणू मिसळून वरून पातळ थर ओता, रात्रभर ठेवा आणि एमटीटी (जिवंत जिवाणू ज्याला जांभळे करतात ते रसायन) फवारा. जांभळ्या पट्टीत जिथे फिकट डाग राहतो तिथे तुमचा पदार्थ. शेजारी द्रावकात चालवलेली, पण अर्क न लावलेली पट्टी ठेवा. डाग ज्या ठिपक्याशी जुळतो तेवढाच भाग सिलिकाच्या कॉलममधून, अर्काच्या ३० ते ५० पट सिलिका घेऊन, वेगळा काढा.

जीसी-एमएसच्या ग्रंथालयाने सुचवलेली वीस नावे तक्त्यात मांडून ‘या बुरशीत ही संयुगे आहेत’ असे लिहिण्याची सवय सोडा. रचना सिद्ध करायला शुद्ध पदार्थ, एनएमआर (अणूंची मांडणी दाखवणारी चाचणी) आणि उच्च अचूकतेचे वस्तुमान लागते. शिवाय पुष्कळदा सापडते ते ग्रिसिओफल्विनसारखे जुनेच काही. म्हणून आधी एलसी-एमएसचे वस्तुमान ज्ञात संयुगांशी ताडून पाहा, महिने वाचतात.

हा अर्क चाटणे, जखमेला लावणे, जनावराला पाजणे यातले काहीही करायचे नाही. झाड औषधी आहे म्हणून आतली बुरशी औषधी ठरत नाही. तीच बुरशी ऑक्रॅटॉक्सिनसारखी विषेही करू शकते. ज्या मात्रेला जिवाणू मरतात त्याच मात्रेला रक्तपेशी फुटतात का, हे प्रमाणित हिमोलिसिस चाचणीत आधी पाहावे लागते. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारीशेजारी लिहा. वापरलेल्या सगळ्या प्लेट्स, भाताचे फ्लास्क आणि ९६ वेलच्या प्लेट्स १२१ अंशांवर ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर काढा. एथिल ॲसिटेटचा उरलेला भाग मात्र ऑटोक्लेव्हमध्ये जाता कामा नये, तो झाकणबंद काचेच्या बाटलीत, टाकाऊ द्रावक असे लिहून वेगळा.